नॉक सेन्सर दोनदा बदलला, तरी खंबाटकीत चेक लाइट लागतोच

पहिल्यांदा तो पिवळा दिवा लागला खंबाटकीच्या चढाला. मे महिना, पुण्याहून साताऱ्याला निघालेलो, गाडीत चार माणसं, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि एसी चालू. पुढच्या ट्रकमागे वेग पडला, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला यायचा आळस केला आणि तसाच पाय दाबला. बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज आला. दहा-बारा सेकंदांत दिवा लागला, आणि त्यानंतर गाडीचा दमच गेला. आवाज थांबला, पण पिकअपही गेला. मागचा कंटेनर हॉर्न मारून दमला.

आवाज आधी, मग दिवा, मग दम गेला आणि आवाजही गेला, हा क्रम तेव्हा मी कुणाला सांगितला नाही. मला तो महत्त्वाचा वाटलाच नाही. पुढचे तीन महिने आणि दोन सेन्सरचे पैसे त्यापायी गेले. असला दोष ज्यांच्या गाडीत पुन्हा पुन्हा परत येतोय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

गाडी २००७ सालची, १४०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. कॉइल पॅक एकच, त्यातून चार प्लग वायरी निघतात. नॉक सेन्सर ब्लॉकवर, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये. त्या काळातल्या कितीतरी गाड्यांत हीच मांडणी आहे, म्हणून मेक-मॉडेल मुद्दाम लिहीत नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी०३२७: नॉक सेन्सरचा सिग्नल कमी. मिस्त्री म्हणाले, "सेन्सर उडालाय साहेब." बदलला, दिवा गेला, गाडी पळायला लागली. बावीस दिवसांनी त्याच घाटात तोच दिवा, तोच कोड. "लोकल माल होता, आता कंपनीचा टाकू." तोही टाकला. पुन्हा तीन आठवडे सुखाचे गेले. जुलैच्या पावसात मात्र दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला आणि गाडी मिसिंग मारायला लागली. आता दोन कोड होते, पी०३२५ आणि पी०३०३. म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, आणि तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे मिसिंग: त्यात पेट्रोल धड पेटतच नाही.

एक सांगून ठेवतो. दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये चाललंय. तिथे ते जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. त्या खर्चापुढे सेन्सर म्हणजे चणे-फुटाणे. तेव्हा पाय सोडा, एसी बंद करा, कडेला घ्या.

हा सेन्सर करतो तरी काय

नॉक सेन्सर हा ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, कान आहे. आत पिझो स्फटिक असतो. ब्लॉक थरथरला की त्यावर दाब पडतो आणि बारीकसा व्होल्टेज तयार होतो. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणच पेटलं, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात. तोच तो हरभऱ्यांचा आवाज, त्यालाच नॉक म्हणतात. साधारण ७५ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये त्याचा सूर ७ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, बोअर वाढलं की सूर खाली येतो. ईसीयू हा कान सतत उघडा ठेवत नाही. पिस्टन वरून खाली यायला लागल्यावर थोडा वेळच ऐकतो, म्हणजे व्हॉल्व्ह आपटल्याच्या आवाजाला फसायला नको. नॉक ऐकू आलं की ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, मग हळूहळू पूर्वपदावर आणतो. जुने मिस्त्री डेल्को (ठिणगी वाटून देणारा डबा) हाताने फिरवून, कानाने ऐकून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायचे, तेच काम हा सेकंदाला कितीतरी वेळा करतो.

आता मुख्य गोष्ट. पी०३२५ ते पी०३२८ हे कोड 'इंजिन नॉक करतंय' असं सांगतच नाहीत. 'मला ऐकू येत नाही' किंवा 'जे ऐकू येतंय त्यावर माझा विश्वास नाही', एवढंच ते सांगतात. इंजिनाचा वेग वाढला की आवाजही वाढायला हवा, हे ईसीयूला माहीत असतं. ३००० च्या वर आरपीएम गेले तरी सेन्सरकडून कुजबुजच येत असेल तर तो कोड नोंदवतो. मग कानच नाही म्हटल्यावर धोका नको म्हणून टायमिंग कायमचं मागे खेचून ठेवतो. दम जातो तो यामुळे.

माझ्या घाटातल्या क्रमाचा अर्थ इथे लागतो. आधी ईसीयू बहिरा होता पण त्याला ते कळलं नव्हतं, म्हणून त्याने नेहमीचंच टायमिंग ठेवलं आणि इंजिन नॉक झालं. मग त्याला कळलं, दिवा लागला, टायमिंग मागे गेलं, नॉक थांबलं आणि गाडी बैलगाडी झाली. शहरात कधी लागायचा नाही तो दिवा, कारण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तेवढे आरपीएम होतच नाहीत.

मीटरने सेन्सर 'मेला' ठरवू नका

दुसरा सेन्सर काढला तेव्हा मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून दाखवला: ओपन, म्हणजे आतून करंट जातच नाही. "बघा, आतून तुटलाय." पिझो सेन्सर ओहममध्ये मोजला तर बहुतेक वेळा ओपनच दाखवतो, नवा कोरा सुद्धा. काहींमध्ये आत रेझिस्टर असतो, तो मेगाओममध्ये दिसतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो बघावा. नसेल तर ओहम विसरून मीटर एसी (उलटसुलट करंटच्या) मिलिव्होल्टवर लावा, सेन्सर हातात धरून पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. आकडा उडी मारतो का बघा. मी घरी येऊन माझा मूळचा, पहिला काढलेला सेन्सर असा ठोकून बघितला. मस्त उड्या मारत होता. तेव्हाच मी कपाळाला हात लावला.

गाडीवर बसलेला असताना दुसरी एक चाचणी आहे. स्कॅनरवर इग्निशन टायमिंगचा आकडा उघडा, गाडी २००० आरपीएमला धरा आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर (सेन्सरवर नव्हे) पान्याने टकटक करा. टायमिंग तीन-चार अंश खाली येऊन परत वर चढलं तर कान, वायर आणि ईसीयू तिघेही जागे आहेत. नाही आलं तर लगेच निकाल देऊ नका, काही ईसीयू गाडी उभी असताना, लोड नसताना, ऐकतच नाहीत. फॅन आणि बेल्टपासून बाह्या सांभाळा.

स्कॅनरबद्दल आणखी एक. भारतात पेट्रोल गाड्यांना ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायच्या व्यवस्थेची) सक्ती भारत स्टेज ४ सोबत २०१० पासून आली. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट असेल तरी मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल सगळी माहिती देईलच असं नाही. माझ्यात कोड आणि टायमिंग दिसलं, फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) दिसलं, बाकी बरंच दिसलं नाही. तेवढ्यावर काम झालं.

स्प्रिंग वॉशर

पहिल्यांदा बदलून बसवलेला तो लोकल सेन्सरही मी परत मागून घेतला होता. जुना माल परत मागायची सवय लावून घ्या, गॅरेजवाले नाक मुरडतात, मुरडू द्या. त्या सेन्सरच्या बुडावर एक गोल, एका बाजूला तुटलेला चरा होता. बघतच राहिलो. खाली स्प्रिंग वॉशर घातला होता! सैल होऊ नये म्हणून प्रेमाने घातला असणार. पण या सेन्सरचं बूड ब्लॉकच्या उघड्या धातूला सपाट टेकावं लागतं. मध्ये वॉशर, रंग, गंज किंवा सिलिकॉन आलं की थरथर पोचत नाही. कानात बोळे घातल्यासारखंच ते.

बोल्टवाल्या, मध्ये भोक असलेल्या सेन्सरला बहुतेक ठिकाणी २० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. जास्त आवळला तर स्फटिकावर आधीच दाब, कमी आवळला तर सेन्सर बडबडतो. 'हाताच्या अंदाजाने घट्ट' हा प्रकार इथे चालत नाही. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून तरी उसना आणा. आणि आणखी एक फसवणूक: काही सेन्सर एका ठरावीक सुरालाच प्रतिसाद देणारे असतात, काही सगळे सूर सारखेच ऐकणारे. आटे सारखे, कपलर सारखा, दिसायला जुळे भाऊ. दुसऱ्या इंजिनाचा बसवला तर बसतो, पण ऐकतो भलतंच. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग

आता पी०३०३ कडे. माझ्यासारख्या कॉइल पॅकमध्ये दोन कॉइल असतात. एक १ आणि ४ ला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. दोन्ही जोडीदारांना एकाच वेळी ठिणगी मिळते, एकाची कामाची, दुसऱ्याची एक्झॉस्टमध्ये वाया जाणारी. याचा तपासात मोठा फायदा आहे. १ आणि ४ दोघेही मिसिंग मारत असतील, किंवा २ आणि ३ दोघेही, तर संशय कॉइलवर. एकटाच मारत असेल तर आधी प्लग आणि वायर.

३ एकटाच होता. म्हणून ३ चा प्लग १ मध्ये आणि १ चा ३ मध्ये टाकला. मिसिंग प्लगबरोबर १ वर गेलं तर प्लग वाईट, ३ वरच राहिलं तर वायर वाईट, असा साधा हिशोब. दोन दिवसांनी कोड बघितले तर पी०३०१ आणि पी०३०३ दोन्ही! म्हणजे काय, आता दोन सिलिंडर? १ आणि ३ एका कॉइलवर नाहीत, त्यामुळे कॉइलही नव्हे. रात्री झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी चारही प्लग काढून दिवाणखान्यातल्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवले. (घरातून निषेध नोंदवला गेला.) ३ मधून १ मध्ये गेलेल्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर वरपासून खालपर्यंत एक काळी, केसासारखी रेघ होती, जणू कुणी टोकदार पेन्सिलीने ओढली असावी. नखाने जाईना, पेट्रोलने पुसून जाईना. ३ च्या वायरीच्या रबरी बुटात (प्लगवर बसणाऱ्या टोपणात) टॉर्च मारला तर आतही तशीच रेघ. ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत जायच्या ऐवजी पोर्सिलेनच्या बाहेरून सरकत खाली लोखंडावर उतरत होती, आणि जाताना कोळशाची वाट तयार करत होती. एकदा वाट पडली की वीज तीच धरते. मी रोगी प्लग निरोगी बुटात घातला आणि १ चा बूटही बाटवला. म्हणून दोन कोड. अशी रेघ दिसली तर प्लग आणि वायर दोन्ही एकदमच बदला, एकच बदललात तर उरलेला नव्याला खराब करतो. प्लगच्या लोखंडी षटकोनाला लागून पोर्सिलेनवर फिकट तपकिरी वलय असतं, ते मात्र निरुपद्रवी, त्याला घाबरू नका.

प्लग टेबलावर असताना आणखी बघून घ्या. पोर्सिलेनच्या आतल्या टोकावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे किंवा चकचकीत कण असतील तर नॉक खरोखर झालंय, चकचकीत कण म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम. पांढराफटक, फोड आलेला प्लग जास्त तापलेला. 'हीट रेंज', म्हणजे प्लग किती गरम राहतो ते, चुकली तरी नॉक होतं, आणि इथे दुकानदारसुद्धा फसतात: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एकाचा आकडा बघून दुसरा घेऊ नका.

वायरी मीटरने मोजल्या होत्या. ६ ते ९ किलोओम, लांबीच्या प्रमाणात, अगदी व्यवस्थित. पण मीटर मोजतो आतल्या तारेचा विरोध, तोही काही व्होल्टवर. बाहेरचं रबर वीस-तीस हजार व्होल्टला टिकतं की नाही हे त्याला काय कळणार? त्यासाठी रात्र लागते. सोसायटीच्या पार्किंगमधला दिवा बंद करवून, बोनेट उघडून, गाडी आयडलवर ठेवली आणि झाडांना पाणी मारायच्या फवारणीच्या बाटलीने वायरींवर अगदी बारीक धुकं सोडलं. ३ च्या वायरीवर, कॉइलपासून वीतभर अंतरावर, निळी जांभळी झिणझिण सुरू झाली. तिसरीतला शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, दिवाळी!" वायरीला हात लावायचा नाही, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहायचं नाही, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाने या खेळात अजिबात यायचं नाही.

पण झिणझिण जिथे होती तिथेच का? टॉर्च मारला तर त्या जागी काळा प्लॅस्टिकचा टाय. आणि त्या टायने प्लग वायरीबरोबर एक बारीक करडी वायर आवळून बांधलेली. ती कुठे जाते म्हणून बोटाने माग काढत खाली गेलो. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. नॉक सेन्सरच्या कपलरमध्ये.

नाना पेठेतले काका

ही पुढची गाठ माझी नाही, नाना पेठेतल्या एका जुन्या वायरमन काकांनी सोडवली. त्यांनी स्कॅनर लावला नाही. आधी विचारलं, "दादा, हे सुरू व्हायच्या आधी इंजिनाचं शेवटचं काम कुठलं केलंत?" मी आठवत बसलो. डिसेंबरात टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं होतं, कारण प्लगच्या खड्ड्यांत ऑइल उतरत होतं. "मग बरोबर," म्हणाले, आणि ब्लेडने तो टाय कापला.

साखळी अशी होती. पॅकिंग गळत असताना प्लगचे बूट महिनोन्‌महिने ऑइलात बसले, फुगले, मऊ पडले. पॅकिंग बदललं, पण वायरी त्याच परत लावल्या. वायरींची प्लॅस्टिकची क्लिप काढताना तुटली म्हणून टाय वापरला, आणि सोयीचं म्हणून शेजारची करडी वायरही त्यातच बांधली. नॉक सेन्सरची वायर साधी नसते, तिच्यावर जाळीचं कवच असतं, बाहेरची विजेची खरखर आत येऊ नये म्हणून. टायच्या चिमट्यात, इंजिनाच्या उष्णतेत, जाळीचे केस आतल्या रबरात रुतले आणि मधल्या सिग्नलच्या तारेला टेकायला लागले. जाळी अर्थिंगला असते, त्यामुळे सिग्नल तिथेच जमिनीत. म्हणून पी०३२७, सिग्नल कमी.

मग सेन्सर बदलल्यावर दर वेळी तीन आठवडे बरे का जायचे? कारण सेन्सर बदलताना मिस्त्री ती वायर ओढायचे, वाकवायचे, परत खोचायचे. टेकलेले केस सुटायचे. इंजिनाच्या थरथरीने तीन आठवड्यांत पुन्हा टेकायचे. नवा सेन्सर बसला म्हणून गाडी बरी झाली असं आम्हा सगळ्यांना वाटलं, प्रत्यक्षात वायर हलली म्हणून बरी झाली होती. दुसऱ्या वेळी तर कपलर जुळेना म्हणून वायर कापून नुसती पिळून, टेप मारून जोडली होती. जाळी जोडलीच नव्हती. त्यात पाऊस, त्यात शेजारी गळकी प्लग वायर. सेन्सर बोलतो मिलिव्होल्टमध्ये, आणि बोटभर अंतरावर वीस हजार व्होल्ट कोकलतायत. पी०३२५ आला नसता तरच नवल.

घाटच का, याचंही उत्तर मिळालं. चढाला थ्रॉटल पूर्ण उघडा, सिलिंडरमध्ये हवा जास्त, दाब जास्त. दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतो, आणि वीज सोपी वाट शोधते. प्लग वायर गळते ती चढाला, आणि ईसीयू सेन्सरची परीक्षा घेतो तीही चढाला. दोन्ही दोष एकाच वळणावर वर येणार हे ठरलेलंच.

काकांनी सेन्सरपासून पुढची दीड फूट वायर नवी, जाळीवाली टाकली. सोल्डर केली, वर हीटश्रिंक नळी. जाळी फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ केली, दोन्ही टोकांना केली तर तिच्यातूनच करंट फिरून खरखर येते. वायर प्लग वायरींपासून लांब, फायरवॉलच्या कडेने नेली. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावून मला स्टार्टर मारायला सांगितला: ०.९ व्होल्ट. तिथे ०.२ ते ०.३ च्या वर जाऊ नये. अर्थिंगची पट्टी काढली तर नटाखाली हिरवट पांढरी बुरशी. कोकणात, गोव्यात खारी हवा असते तिथे हे आणखी लवकर होतं, तिकडच्या मंडळींनी ही तपासणी सगळ्यात आधी करावी. पट्टी नवी टाकली, आकडा ०.१५ वर आला.

नवीन वायरींचा सेट, चार नवे प्लग, गॅप मॅन्युअलप्रमाणे. बुटांत डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवलं. आणि सेन्सर? ब्लॉकवरची जागा घासून चकचकीत केली आणि माझा मूळचा, २००७ चा सेन्सर परत बसवला. २० न्यूटन-मीटर.

तुमचं प्रकरण वेगळं असेल तर

कोड नाही पण आवाज आहे, तर आधी तो नॉकच आहे ना याची खात्री करा. एक टाकी ९५ ऑक्टेनचं पेट्रोल (ऑक्टेन जास्त तेवढं नॉक कमी) भरून त्याच चढाला जा. आवाज नाहीसा झाला किंवा बराच कमी झाला तर खरं नॉक. फरकच नाही, तर सायलेन्सरवरचा सैल पत्रा, अल्टरनेटरचा ब्रॅकेट किंवा टॅपेट शोधा. सैल ब्रॅकेटची गंमत अशी की कधीकधी सेन्सरलाही तो नॉक वाटतो आणि ईसीयू उगाच टायमिंग मागे घेतो, म्हणजे दोष बोल्टचा आणि शिक्षा मायलेजला. जाड, खोल, दणदण आवाज असेल तर गाडी बंद करून टो करून न्या, तो बेअरिंगचा असू शकतो.

खरं नॉक निघालं तर कारणं बहुतेक उष्णता, कार्बन किंवा कमी पेट्रोल-जास्त हवा यांत सापडतात. आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची एक वाईट खोड आहे. मग इंजिन कधी नीट गरमच होत नाही, ईसीयू थंडीचं जास्त पेट्रोल देत राहतो, पिस्टनवर कार्बन साठतो, आणि वर्षभराने तोच कार्बन नॉक करवतो.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, त्यामुळे नुसत्या इथेनॉलने नॉक वाढत नाही, उलट कमी व्हायला हवं. अडचण वेगळी आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. ईसीयू ते फ्यूएल ट्रिमने भरून काढतो, पण आधीच एखादी व्हॅक्यूमची नळी तडकलेली असेल, इंजेक्टर तुंबलेले असतील, तर भरून काढायची जागा संपते आणि चढाला मिश्रण पातळ राहतं. माझ्या गाडीत सगळं नीट झाल्यावरही लाँग टर्म ट्रिम अधिक ११ दाखवत होतं. ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूमच्या नळीला तडा होता. नळी बदलली, अधिक ४ वर आलं.

सीएनजी किट असलेल्या जुन्या गाड्यांत एक खास प्रकार बघायला मिळतो. सीएनजी हळू जळतो म्हणून काही किटवाले क्रँक सेन्सरच्या वायरीत टायमिंग अॅडव्हान्सचा डबा जोडतात, सीएनजीवर ठिणगी काही अंश लवकर पडावी म्हणून. पेट्रोलवर गेल्यावर त्याने बाजूला व्हायचं असतं. मेव्हण्याच्या गाडीत तो डबा अडकलेला होता, पेट्रोलवरही टायमिंग पुढेच. सीएनजीवर गाडी गाय, पेट्रोलवर हरभऱ्यांचा डबा. असा फरक जाणवला तर सेन्सरला हात लावायच्या आधी तो डबा बायपास करून बघा.

टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि त्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तर एक दात चुकलाय का ते बघायला सांगा. यावर मी जास्त लिहीत नाही, बेल्ट घरी करायचं काम नाही.

दुरुस्तीनंतर खंबाटकी चार वेळा चढलो, त्यातली एक खेप ऑगस्टमधल्या धो-धो पावसात, एसी लावून, मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये थोडं जास्तच ताणून. स्कॅनर बायकोच्या हातात होता, ती टायमिंगचे आकडे वाचून दाखवत होती: "अठरा, एकोणीस, पंधरा, सोळा, अठरा." मध्येच पंधरा आलं ना, तिथे ईसीयूच्या कानाने ऐकलं. दोन नवे सेन्सर पेढ्यांच्या डब्यात पडून आहेत. दिवा लागला नाही. डाव्या बाजूचा वायपर मात्र बोगद्याच्या फाट्याजवळ बंद पडला, त्याची मोटर आता उघडायची आहे.